काटा मोडला टाचेत, पेशींना कळलं कसं?

प्रश्न : मागच्या आठवड्यात रानात बाभळीचा काटा चप्पल पार करून टाचेत मोडला. सुईनं काढला, हळद दाबली, तरी दुसऱ्या दिवशी टाच लाल, गरम, रात्रभर ठणका आणि तिसऱ्या दिवशी पू. आई म्हणते पू म्हणजे नासलेलं रक्त. पोरगं विचारतंय, पेशींना डोळे नाहीत मग जंतू आलाय हे दिसतं कसं?
– एक वाचक, तासगाव तालुका

उत्तर : पोराला शाबासकी द्या आधी. दिसत नाहीच, हाताला लागतं. बैलबाजारात रुमालाखाली बोटं चाचपून सौदा होतो ना, तसंच काहीसं. पेशीच्या अंगावर रिसेप्टर, म्हणजे चाचपणारी प्रोटीनं असतात आणि ते जंतूचं नावगाव विचारत बसत नाहीत, फक्त माल तपासतात, म्हणजे काही बॅक्टेरियाच्या वरच्या आवरणातला चरबी-साखरेचा पदार्थ किंवा त्यांच्या शेपटीतलं प्रोटीन, जे आपलं शरीर कधी बनवतच नाही. असलं काही बोटाला लागलं की झालं, बोंबाबोंब. यातल्या टोल नावाच्या रिसेप्टरचा पत्ता लागला कुठं, तर केळ्यावर घोंगावणाऱ्या चिलटात! टोल जीन बिघडलेली चिलटं बुरशीनं मरतात हे १९९६ ला जूल्स हॉफमन या शास्त्रज्ञाच्या टीमनं दाखवलं, २०११ ला त्यांना नोबेल मिळालं (वाटून). माणसात असे १० प्रकार आहेत.

आता तुमची टाच. कातडीखाली आधीच बसलेल्या पेशींनी बोंब मारली, त्यानं रक्तवाहिन्या रुंदावल्या म्हणून लाली आणि गरमपणा, पाणी झिरपलं म्हणून सूज, आणि मग रक्तातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाहिनीच्या भिंतीतल्या फटीतून अंग चोरून बाहेर आल्या. स्लाइडवर रंग देऊन बघितलं तर ही पेशी लगेच ओळखू येते, केंद्रक तीनचार गाठी मारलेल्या दोऱ्यासारखं. ती जंतू गिळते, आतल्या आत मारते आणि बऱ्याचदा स्वतःही मरते. त्यांची मढी म्हणजे पू, आईंना सांगा (हळू आवाजात).

गंमत म्हणजे पेशी जंतूवर अशा धावून जातात हा शोधही काट्यानंच लागलाय. १८८२ ला इटलीत मेसिनाला मेचनिकोव्ह या रशियन शास्त्रज्ञांनी तारामाशाच्या काचेसारख्या पारदर्शक पिल्लात गुलाबाचे काटे टोचले, सकाळी बघतात तर काट्याभोवती पेशींचा गराडा. १९०८ चं नोबेल त्यांना आणि जर्मन शास्त्रज्ञ एर्लिख यांना मिळून.

एक मात्र, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं नसेल तर आजच डॉक्टरांकडं जा. धनुर्वाताच्या जंतूचं विष रोग व्हायला इतकं थोडं पुरतं की एकदा रोग होऊन गेला तरी शरीर तो लक्षात ठेवत नाही, लसच लागते. ताप आला किंवा लाल रेघ पायातून वर चढली तर थांबू नका. आणि पू सारखा येतच राहिला तर टोक आत राहिलंय समजा, लाकूड या पेशींना पचत नाही, ते डॉक्टरांनाच काढू द्या, सुईनं उकरत बसू नका परत.