मदरबोर्ड बदलण्यास होकार देण्यापूर्वी

रात्री गेलेली वीज परत आल्यानंतर लॅपटॉप सुरूच होईना, पॉवर बटण दाबल्यावर पंखा नाही की एखादा दिवा नाही, आणि सेवा केंद्राने तपासणी करून मदरबोर्ड, म्हणजे आतील मुख्य सर्किट बोर्ड, बदलण्याचे अंदाजपत्रक दिले व उद्यापर्यंत होकार मागितला, ही तुमची हकिकत मी दोनदा वाचली. २०२२ च्या पावसाळ्यात कोल्हापुरात माझ्या लॅपटॉपचे नेमके हेच झाले होते. मी फोनवरच होकार दिला आणि त्या एका शब्दामुळे माझे जे गेले ते आजही परत मिळालेले नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. मी तंत्रज्ञ नाही. तीन वर्षे या एका प्रश्नाच्या मागे लागून जे समजले तेवढेच सांगतो. तुमचा लॅपटॉप वॉरंटीत असेल तर तो स्वतः उघडू नका.

दुसरे सॉकेट, दुसरा चार्जर, चार्जर काढून बटण अर्धा मिनिट दाबून धरणे, हे सारे तुम्ही केलेच असेल असे धरून चालतो. एका गोष्टीचा मात्र तुमच्या मजकुरात उल्लेख नाही. चार्जरवरील दिवा भिंतीच्या सॉकेटमध्ये लागतो, परंतु त्याची पिन लॅपटॉपमध्ये घातल्याबरोबर तो विझतो का? विझत असेल आणि दुसऱ्या चार्जरचेही तसेच होत असेल, तर बोर्डावर कुठेतरी शॉर्ट असून चार्जर स्वतःच्या बचावासाठी बंद होत आहे, असा त्याचा बहुधा अर्थ असतो. दिवा तसाच राहत असेल तरीही चार्जर निर्दोष ठरत नाही, कारण रिकाम्या अवस्थेत पूर्ण व्होल्टेज दाखवणारा चार्जर भार पडताच कोसळू शकतो. चार्जरचे व्होल्टेज मल्टिमीटरने मोजणार असाल तर तो २०० व्होल्ट डीसीवर ठेवा. साध्या मीटरची २० ची मर्यादा १९.९९ ला संपते आणि टाइप-सी चार्जर सहसा २० व्होल्टपर्यंत जातो. तसा चार्जर काही जोडल्याशिवाय सहसा व्होल्टेज देतच नाही आणि जोडल्यावरही लॅपटॉपशी बोलणी होईपर्यंत ५ व्होल्टच देतो, त्यामुळे मोकळ्या टोकाला शून्य किंवा ५ दिसले म्हणून तो बिघडला असे समजू नका. तळाचे झाकण फुगल्यासारखे वाटत असेल, तर बॅटरी फुगलेली असण्याची शक्यता आहे. मग मात्र कोणताही प्रयोग करू नका आणि चार्जरही लावू नका.

माझ्या लॅपटॉपला पिन लावताच चार्जरचा दिवा विझत असे. मी हे सेवा केंद्राच्या खिडकीवर दोन वेळा सांगितले, परंतु जॉब शीटवर ‘नो पॉवर’ एवढेच लिहिले गेले. चौथ्या दिवशी फोन आला की बोर्ड गेला आहे, बदलावा लागेल, करासह २८,५०० रुपये होतील. कोणता भाग गेला, असे विचारले असता आमच्याकडे भाग दुरुस्त होत नाहीत, बोर्डच बदलला जातो, असे उत्तर मिळाले. डेटाचे काय, या प्रश्नावर हार्ड डिस्कला हात लावलेला नाही, ती सुरक्षित आहे, असे सांगण्यात आले. हे वाक्य खरे होते, आणि तरीही त्यानेच माझा घात केला.

लॅपटॉप परत आला, सुरू झाला, आणि निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की, म्हणजे डिस्कचे कुलूप उघडणारा क्रमांक, मागू लागला. विंडोजने माझी एसएसडी, म्हणजे डेटा साठवणारी डिस्क, कूटबद्ध केलेली आहे, म्हणजे कुलूपबंद करून किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी केलेली आहे, हे मला तोपर्यंत ठाऊकच नव्हते. अलीकडच्या अनेक लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टचे किंवा संस्थेचे खाते जोडून विंडोज सुरू केले की हे आपोआप घडते. डिस्कचे कुलूप उघडण्याची व्यवस्था बोर्डावरील टीपीएम नावाच्या सुरक्षा भागाशी बांधलेली असते. बोर्ड बदलला की ती व्यवस्था त्याच्याबरोबर जाते आणि केवळ ती ४८ अंकी की उरते. माझी की ज्या खात्यात जमा झाली होती, ते मी पूर्वी शिकवत असलेल्या महाविद्यालयाचे होते आणि नोकरी सोडल्यावर ते बंद झाले होते. त्या डिस्कवर मोडी कागदपत्रांची तीन वर्षांची लिप्यंतरे होती. मूळ कागद ज्यांचे त्यांना परत दिलेले होते आणि त्यांतील दोन घरांत पुन्हा कागद दाखवण्यास आता कोणी तयार नाही.

मी त्याच दिवशी जुना बोर्ड मागितला. तो जुना बोर्ड घेऊन दुसरा देण्याच्या बदली योजनेत कंपनीकडे गेला, असे सांगण्यात आले. पुढे पुण्याच्या तपकीर गल्लीत चिप लेव्हल दुरुस्ती, म्हणजे पूर्ण बोर्ड न बदलता त्यावरचा बिघडलेला सुटा भाग बदलण्याचे काम, करणाऱ्या एका कारागिरांनी मला समजावले, की दिवा विझण्याच्या तक्रारीत पुष्कळदा वीज आत येण्याच्या मार्गावरचा कपॅसिटर किंवा मॉसफेट यांसारखा एखादा छोटा भाग शॉर्ट झालेला असतो आणि तो भाग काही रुपयांचा असतो. माझ्या बोर्डाचे तेच झाले होते असा दावा मी करू शकत नाही, कारण बोर्डच हाती नाही. परंतु तोच बोर्ड एकदा, अगदी तासाभरासाठी सुरू झाला असता, तरी डिस्क आपोआप उघडली असती आणि सर्व काही उतरवून घेता आले असते. सेवा केंद्रातील कोणालाही हे ठाऊक नव्हते यावर माझा विश्वास नाही. होकार घेण्यापूर्वी ‘तुमच्याकडे रिकव्हरी की आहे का’ एवढे विचारण्यास अर्धे मिनिट लागले असते. जॉब शीटच्या तळाशी बारीक अक्षरांत डेटाची जबाबदारी ग्राहकाची असे छापलेले होते, हे मला त्यानंतर दाखवण्यात आले.

म्हणून माझे मत असे आहे, की आज होकार देऊ नका. दुसऱ्या संगणकावरून किंवा फोनवरून आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन या लॅपटॉपच्या नावाने रिकव्हरी की दिसते का ते पाहा. दिसली तर ती कागदावर उतरवून घ्या. शाळेने किंवा नोकरीच्या ठिकाणी दिलेल्या ईमेलने लॅपटॉप सुरू केला असेल, तर तेथील संगणक विभागाला आजच लेखी विचारा. की मिळाली तर बोर्ड बदलण्याचा निर्णय केवळ पैशांचा उरतो. मिळाली नाही, तर लॅपटॉप आहे त्याच बोर्डासह परत मागा, तपासणी शुल्क द्यावे लागले तरी द्या, आणि चिप लेव्हल दुरुस्ती करणाऱ्याकडे न्या. तेथेही बायोस, म्हणजे बोर्डावरचा सुरुवातीचा प्रोग्राम, पुन्हा लिहिण्यापूर्वी आपल्याला विचारावे असे स्पष्ट सांगा, कारण काही लॅपटॉपमध्ये त्यानेही टीपीएममधील मजकूर पुसला जातो. एसएसडी सुटी निघणारी असेल तर ती काढून स्वतःजवळ ठेवा. वीज येत नाही हा दोष शोधण्यासाठी तिची गरज नसते. कूटबद्ध नसलेली एसएसडी योग्य प्रकारच्या यूएसबी केसमध्ये घालून दुसऱ्या संगणकावर सरळ वाचता येते. अलीकडच्या मॅकबुकना की शोधण्याचे आणि एसएसडी काढण्याचे हे सल्ले लागू होत नाहीत, कारण त्यांत साठवण बोर्डावरच असते आणि तिथे बोर्ड वाचवणे हाच बहुधा एकमेव मार्ग असतो.

केंद्राने लॅपटॉप परत देण्यास टाळाटाळ केली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. मी ती उशिरा नोंदवली. तोपर्यंत बोर्ड गेलेला होता. तुमचा बोर्ड अजून जागेवर आहे. दिवा विझतो की राहतो आणि खात्यात की दिसते की नाही, या दोन गोष्टी येथे लिहाव्यात, म्हणजे पुढचे सांगता येईल.