ऊसतोडीला जाणाऱ्या स्त्रिया आणि कर्करोगाची तपासणी

प्रश्न : मी बीड जिल्ह्यातील एका गावात आशा स्वयंसेविका आहे. दसरा-दिवाळीनंतर आमच्या गावातील निम्मी घरे ऊसतोडीला जातात आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप हंगाम संपला, की परततात. तीस वर्षांवरील प्रत्येक स्त्रीचे तोंड, स्तन आणि गर्भाशयाचे मुख यांची तपासणी व्हावी, असे आम्हाला प्रशिक्षणात सांगितले आहे. मी घरोघर जाऊन अर्ज भरते, पण शिबिराच्या दिवशी या बायका येत नाहीत. "काही दुखत नाही, मग कशाला?" असे काही जणी म्हणतात आणि बऱ्याच जणी म्हणतात, "तपासलं की पिशवी (गर्भाशय) काढायला सांगतात." त्यांची समजूत कशी घालावी?

उत्तर : ताई, या बायकांचे दुसरे वाक्य आधी नीट ऐकून घेऊ या, कारण त्यामागे अडाणीपणा नसून अनुभव आहे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची शासकीय समितीने चौकशी केली, तेव्हा पाहणीत आलेल्या सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांतील कित्येक जणी चाळिशीच्या आतल्या होत्या. अंगावरून पांढरे जाते, ओटीपोटात दुखते अशा तक्रारी घेऊन गेलेल्या स्त्रियांना "पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल" अशी भीती घातली गेल्याचे अनेकींनी सांगितले. ज्या गावात कॅन्सर हा शब्द शस्त्रक्रियेच्या बिलासोबत आला, तिथे तोच शब्द घेऊन आपण दारात उभ्या राहतो. म्हणून शिबिराची तारीख सांगण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगा, की ही तपासणी पिशवी काढण्यासाठी नाही. उलट ती वेळेवर झाली तर पुढची मोठी शस्त्रक्रिया टळण्याचीच शक्यता अधिक असते.

तपासणीत नेमके काय होते, हेही त्यांना आधीच कळू द्या. परिचारिका गर्भाशयाच्या मुखाला व्हिनेगरसारखे सौम्य अम्ल कापसाने लावते, मिनिटभर थांबते आणि तिथे पांढरा चट्टा उमटतो का ते पाहते. सुई टोचत नाहीत, भूल देत नाहीत, आणि काय दिसले ते त्याच बैठकीत सांगता येते. चट्टा दिसला म्हणजे कर्करोग झाला, असे नव्हे. बहुतेक वेळा तो साधा दाह असतो किंवा कर्करोगापूर्वीचा बदल असतो. असा बदल योग्य जागी आणि लहान असेल, तर तेवढाच भाग गोठवून किंवा उष्णता देऊन काही मिनिटांत नष्ट करता येतो. तसे नसेल तर मोठ्या रुग्णालयात तुकडा तपासावा लागतो. केवळ पांढरा चट्टा दिसला म्हणून कोणी गर्भाशय काढायला सांगितले, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्याचा तिला पूर्ण हक्क आहे, हे तिच्या नवऱ्यासमोर आणि सासूसमोर सांगा, कारण निर्णय बहुधा त्यांच्यासोबतच होतो.

"काही दुखत नाही, मग कशाला?" याला उत्तर देण्यासाठी तुम्हाला दूर जावे लागणार नाही; काही दुखत नसतानाच केलेल्या तपासणीने जीव वाचतो, याचा पुरावा जवळच आहे. तुमच्या शेजारच्या धाराशिव, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, १९९९ पासून ३० ते ५९ वयोगटातील सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांचा एक मोठा अभ्यास झाला. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आणि बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय त्यात सहभागी होते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारणीभूत असणाऱ्या एचपीव्ही विषाणूची चाचणी केवळ एकदा करून, दोष आढळलेल्या स्त्रियांवर उपचार केल्यावर, आठ वर्षांत त्या गटातील या कर्करोगाचे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या तुलनेत जवळपास निम्मे झाले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेले हे निष्कर्ष जगभर प्रमाण मानले गेले. मराठवाड्यातल्या शेतकरी-मजूर बायकांनी जगाला हा पुरावा दिला, आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मात्र ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी फक्त १.९ टक्के स्त्रियांची ही तपासणी कधी तरी झाल्याचे दिसते. मला याचे फार वाईट वाटते.

आता खाड्याचा, म्हणजे बुडालेल्या दिवसाच्या दंडाचा प्रश्न. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरला जातो, उचल (आगाऊ रक्कम) आधीच घेतलेली असते आणि एक दिवस उसाच्या फडावर गेले नाही तर टोळीचा मुकादम खाडा लावतो. अशा स्त्रीला हंगामात तपासणीला बोलावणे म्हणजे तिला दंड भरायला सांगणे होय. म्हणून तुमचे शिबिर पट्टा पडल्यानंतर, एप्रिल ते सप्टेंबर या काळात आणि शक्यतो संध्याकाळी किंवा बाजाराचा दिवस सोडून ठेवण्याचा आग्रह वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे धरा. त्याचबरोबर ही तपासणी दर महिन्याची नाही, हे सांगितले की बायकांचा जीव हलका होतो. आपल्या शासकीय कार्यक्रमात ती पाच वर्षांतून एकदा आहे. एचपीव्ही चाचणी उपलब्ध असेल, तर पस्तिशीपर्यंत एकदा आणि पंचेचाळिशीपर्यंत पुन्हा एकदा, एवढे किमान उद्दिष्ट जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ठेवले आहे. त्या चाचणीचा नमुना स्त्री स्वतः आडोशाला जाऊन घेऊ शकते, त्यामुळे लाजेचा अडसरही बराच कमी होतो.

लाज आणि अविश्वास कमी करण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे ओळखीची बाई. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९८ पासून टाटा रुग्णालयाने केलेल्या अभ्यासात दहावीपर्यंत शिकलेल्या आरोग्यसेविकांना प्रशिक्षण देऊन व्हिनेगरची हीच तपासणी त्यांच्याकडून करून घेण्यात आली; बोलावलेल्या दहा जणींपैकी जवळपास नऊ जणी आल्या, आणि या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तुमच्या गावात बंजारा तांडा असेल, तर तांड्यावरच्या एखाद्या स्त्रीची तपासणी आधी होऊ द्या आणि तिने आपला अनुभव इतर जणींना गोरमाटीत, म्हणजे त्यांच्या बंजारा बोलीत, सांगू द्या. तुमच्या माहितीपत्रकापेक्षा तो अधिक उपयोगी पडेल.

दोन गोष्टी लक्षात असू द्या. पिशवी काढलेल्या बहुतेक स्त्रियांना गर्भाशयमुखाच्या तपासणीची गरज नसते, पण स्तन आणि तोंड यांची तपासणी त्यांनाही हवीच. आपल्याकडे मिसरी लावणाऱ्या बायका किती आहेत, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. आणि संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्तस्राव होणे, दुर्गंधीयुक्त स्राव जाणे, स्तनात गाठ लागणे, तोंडातील जखम दोन-तीन आठवड्यांत न भरणे, यांपैकी काही असेल तर शिबिराची वाट न पाहता तिला थेट डॉक्टरांकडे पाठवा.

प्रश्न : आमची सांगली जिल्ह्यात उसाची शेती आहे. आमच्याकडे ऊसतोडीला आलेल्या टोळीतल्या एका बाईची तपासणी आमच्या गावच्या आरोग्य केंद्रात करता येईल का? ती येथील रहिवासी नाही.

उत्तर : प्राथमिक आरोग्य केंद्रातील तपासणीसाठी त्याच गावचे रहिवासी असण्याची गरज नसते, तेव्हा अवश्य घेऊन जा. मात्र त्या दिवसाचा खाडा लागणार नाही, असे मुकादमाशी आधी बोलून घ्या. हे तुम्ही बोललात तर तो ऐकेल, तिने बोलून तो ऐकेलच असे नाही. केंद्रात घरातील एखादी स्त्री तिच्यासोबत असावी. काही आढळले तर पुढचे उपचार गावी परतल्यावर की इथेच, हे तिला ठरवू द्या, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार समाविष्ट असल्याने शिधापत्रिका कोपीवर (फडाजवळच्या झोपडीत) आणली आहे का, ते विचारा. अहवालाची एक प्रत तारखेसह तिच्या हातात द्या आणि तिच्या गावच्या आशाताईंना तिच्या संमतीने फोन करून तो निकाल कळवा.