रात्रीच्या भुकेचा दोष कोणाचा?

‘मॅडम, माझा जिभेवर ताबाच राहिलेला नाही,’ ही तक्रार बायकांकडून, आणि अलीकडे पुरुषांकडूनही, इतक्या वेळा ऐकू येते की तिचे उत्तर एकदा सविस्तर लिहावे असे वाटले. ओळख पटणार नाही अशा बेताने एका बँक अधिकारी बाईंची हकीकत सांगते.

त्यांच्या सासूबाई पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या होत्या. दिवसभर शाखा, संध्याकाळनंतर शुश्रूषा. जेवणाचा डबा अनेकदा न उघडताच परत येई आणि रात्री सगळे झोपल्यावर फरसाण संपत असे. वजनाबरोबर चिडचिडही वाढली होती. मी आहाराविषयी अवाक्षर काढले नाही. खाण्याआधीच्या तासात काय घडले, एवढेच लिहून आणायला सांगितले.

पुढच्या भेटीत त्या म्हणाल्या, ‘मध्ये नणंदबाई आठवडाभर राहिल्या. घरात चकल्या होत्या, तरी मला आठवणसुद्धा झाली नाही.’

‘म्हणजे त्या आठवड्यात तुमचा निग्रह वाढला होता का?’

त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘नाही. मी फक्त झोपले होते.’

माझ्या मते उपचार त्या वाक्यापाशी सुरू झाला, आणि ते त्यांच्याच तोंडून यावे म्हणून मी थांबले होते.

ताणाच्या पहिल्या धक्क्यात भूक मरते. परीक्षेच्या सकाळी घास उतरत नाही तो त्यामुळेच. ताण महिनोन्महिने टिकला, की काहींची भूक मेलेलीच राहते. पण अनेकांच्या बाबतीत कॉर्टिसॉल हे संप्रेरक भूक वाढवते आणि ओढ गोड, तेलकट पदार्थांकडे नेते. सिडनीच्या गारवन संस्थेतील संशोधकांनी २०२३ मध्ये उंदरांवर दाखवले की, पोट भरल्यावर खाण्यातील गोडी कमी करणारा ‘लॅटरल हॅबेन्युला’ हा मेंदूचा भाग दीर्घ ताण आणि स्निग्ध आहार एकत्र आल्यावर गप्प राहतो, आणि उंदीर खातच राहतात. नैराश्याच्या अभ्यासातही हाच भाग महत्त्वाचा मानला जातो, त्यामुळे भूक आणि मन एकदमच बिघडावे यात नवल नाही.

मी विवेकनिष्ठ विचारपद्धती मानणारी आहे. ‘मी जास्त खाल्ले’ ही घटना झाली. ‘म्हणून मी नालायक’ हा आपण काढलेला निष्कर्ष, आणि त्यातून येणारा स्वतःवरचा राग हा आणखी एक ताणच असतो. म्हणून फरसाण कपाटात कुलूपबंद करण्याआधी दुपारचे जेवण वेळेवर घ्यावे, झोप राखावी आणि घरातले काम मागून वाटून घ्यावे. मागणे हेच सर्वांत अवघड जाते, विशेषतः सुनांना. भूक वा वजन अकारण बदलले, तर थायरॉइडसारखी कारणे डॉक्टरांकडून तपासून घ्यावीत. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर मनोविकारतज्ज्ञांना भेटावे.

या बाईंनी आठवड्यातून तीन रात्री मावशी ठेवल्या. वजन अजून विशेष उतरलेले नाही. सकाळी उठून स्वतःला दूषणे देणे मात्र थांबले आहे, आणि मी त्यालाच प्रगती म्हणते.