लिफ्ट खोलून बसलेला मुलगा आणि अकरावीचा फॉर्म

गोव्यातल्या पेडण्याच्या बाजूच्या एका गावातून एका ताईंचं पत्र आलंय. मुलगा यंदा दहावी झाला, ६२ टक्के, गणितात जेमतेम पन्नास. घरी आजोबांचा जुना मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टर, आजोबा गेल्यापासून मांगरात, म्हणजे शेडमध्ये, पडून. मे महिन्याच्या सुट्टीत मुलाने तो चालू केला आणि मग मागच्या लिफ्टच्या, म्हणजे तेलाच्या दाबाने नांगर उचलणाऱ्या यंत्रणेच्या, मागे लागला, कारण नांगर वर जातो पण इंजिन बंद केलं की पाच मिनिटात जमिनीला टेकतो, आणि तेल दुधाच्या चहासारखं झालंय. गावातला मेस्त्री म्हणाला पंप गेला, नवीन घाला. मुलगा म्हणतो पंप गेलेला नाही. बाबा म्हणतात सायन्स घे, हायर सेकंडरी कर, मेस्त्रीच व्हायचं होतं तर दहावीपर्यंत शिकवलं कशाला. आणि ताई विचारतात, ह्या नादाचं पुढे काही होण्यासारखं आहे का?

ताई, नमस्कार. आधी त्या पंपाचं बोलतो, म्हणजे मुलगा कसा आहे ते मला आणि तुम्हाला दोघांनाही कळेल. मी आयटीआयमध्ये बरीच वर्षं शिकवलंय, त्यामुळे हा विषय निघाला की मी लांबतो, सांभाळून घ्या.

पंपाचं काम दाब तयार करून नांगर वर उचलायचं, आणि तो नीट उचलला जातोय. मग इंजिन बंद झाल्यावर, म्हणजे पंप फिरतच नसताना नांगर खाली येतो तर पंपाने दाब कमी दिला असं म्हणण्यात काय अर्थ आहे? अडवून ठेवलेलं तेल कुठूनतरी सुटतंय. सिलिंडरमधल्या पिस्टनची सील गेली असेल, तेल वर नेणाऱ्या उभ्या पाइपाच्या ओ-रिंगा, म्हणजे जोडातल्या रबरी कड्या, कडक झाल्या असतील, नाहीतर कंट्रोल व्हॉल्व्ह घासला असेल. जुन्या मॅसीत हा व्हॉल्व्ह पंपालाच जोडलेला असतो म्हणून मेस्त्री सरसकट "पंप गेला" म्हणतात, अगदीच चूक नाही त्यांचं, पण दोन ओ-रिंगांच्या कामाला अख्ख्या पंपाचे पैसे जातात. तुमचा मुलगा पंधरा-सोळाव्या वर्षी "पंप नाही" म्हणतोय म्हणजे तो अंदाज नाही मारत, कारण शोधतोय. ही गोष्ट मार्कशीटवर कुठे दिसत नाही पण मला मार्कांपेक्षा ती जास्त महत्त्वाची वाटते.

तेल दुधाळ का झालं तेही त्याला विचारा, बघू काय म्हणतो. माझा कयास असा की मांगराचं छप्पर गळतंय आणि गियरच्या दांड्याखालचं रबर फाटलंय, पावसाळाभर पाणी गियरबॉक्समध्ये उतरलं, आणि ह्या ट्रॅक्टरात गियरचं आणि लिफ्टचं तेल एकच असतं. त्या पाण्याने व्हॉल्व्हला गंज धरतो. म्हणजे नुसती सील बदलून भागणार नाही, सगळं तेल काढायचं, जाळी धुवायची, केरोसीनने आतून साफ करायचं, आणि पुसायला धागे सुटणारं कापड अजिबात नको, एक धागा व्हॉल्व्हमध्ये अडकला तरी परत बोंब. आणि पुढच्या वेळी लिफ्ट अजिबातच उचलत नाही असं झालं तर पाना हातात घेण्याआधी पीटीओचा, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या अवजाराला देणाऱ्या शाफ्टचा, दांडा बघायला सांगा, काही जुन्या मॉडेलांत पंप पीटीओच्या शाफ्टवर फिरतो, त्यात दांडा न्यूट्रलला असला तर लिफ्ट मेल्यासारखीच दिसते. ह्याच्यावर लोकांनी पैसे घालवलेले मी पाहिलेत.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. उचललेल्या नांगराखाली हात-पाय घालायचे नाहीत, काम सुरू करायच्या आधी नांगर जमिनीवर. आणि दाबाखालच्या पाइपाला बारीक भोक पडलं असेल तर ते बोट फिरवून शोधायचं नाही, पुठ्ठा धरून शोधायचं. एवढ्या दाबाचं तेल सुईसारखं कातडीत घुसतं, बाहेरून टोचल्याएवढंच दिसतं आणि आत बोट सडायला लागतं, तसं झालं तर घरी हळद लावत न बसता लगेच हॉस्पिटल.

आता करिअर. बाबांची भीती मला कळते. जुने ट्रॅक्टर दुरुस्त करून गोव्यात घर चालेल का, तर नाही चालणार, हे स्पष्ट सांगतो. आपली शेतं लहान, बऱ्याच ठिकाणी पावर टिलरच फिरतो, काम सरद (पावसाळी) आणि वायंगणाच्या (उन्हाळी) भाताच्या हंगामापुरतं, आणि जुना ट्रॅक्टर नवा करून हौसेने विकत घेणारे इथे किती असणार. पण तुमचा मुलगा जे शिकतोय ते ट्रॅक्टर नाही, हायड्रॉलिक्स आहे, म्हणजे दाबाखालच्या तेलाकडून काम करून घेणं, आणि ते सगळीकडे आहे. जेसीबीचा हात, टिपरचा जॅक, कचऱ्याच्या गाडीतलं दाबयंत्र, वास्कोला शिपयार्डात, मुरगावच्या बंदरात, वेर्णा-कुंडईच्या कारखान्यांतली प्रेस आणि प्लास्टिक मोल्डिंगची मशिनं. तीच सील, तोच व्हॉल्व्ह, फक्त साइज वेगळी. २०१२ साली आणि परत २०१८ ला खाणी बंद पडल्या तेव्हा एकाच धंद्यावर बसलेल्यांचे काय हाल झाले ते डिचोली-सत्तरीवाल्यांना विचारा, म्हणून मी म्हणतो एका मशीनला चिकटू नकोस, मशीन हलवणारं जे आहे ते शीक.

तर आयटीआय, पण कुठला ट्रेड ते नीट बघून. मेकॅनिक ट्रॅक्टर आणि मेकॅनिक डिझेल हे एक वर्षाचे ट्रेड आहेत, नाव बघून मुलगा तिकडेच धावणार. माझा सल्ला दोन वर्षांचा घ्या, फिटर किंवा मेकॅनिक मोटर व्हेईकल. कारण दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केला की डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला लॅटरल एन्ट्रीने जाता येतं, एक वर्षाच्या ट्रेडवर तो रस्ता बंद. डिप्लोमानंतर इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाचाही दरवाजा आहे. म्हणजे बाबांना जो इंजिनियर हवाय तो ह्या बाजूनेही होऊ शकतो, आणि हाताला काम येत असलेला. थेट तीन वर्षांचा डिप्लोमा करणं हाही मार्ग आहे आणि त्यात एक वर्ष वाचतं, पण ह्या मुलाला आधी हत्यारं हातात द्यावीत असं मला वाटतं. मला स्वतःला फिटर सगळ्यात आवडतो, मायक्रोमीटर वाचायला, घासून माप काढायला तिथे शिकवतात, आणि हायड्रॉलिक्समध्ये सगळा खेळ मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचा. आयटीआयनंतर अप्रेंटिसशिप मात्र सोडायची नाही, गॅरेजमध्ये "बघून शिकलो" आणि हातात राष्ट्रीय अप्रेंटिसशिपचं सर्टिफिकेट ह्यात नोकरीच्या वेळी, उद्या बोटीवर किंवा गल्फला जायचं म्हटलं तरी, खूप फरक पडतो. ट्रॅक्टरचा नाद तरीही राहिलाच तर मध्य प्रदेशात बुधनीला आणि आंध्रात अनंतपूरजवळ गारलादिन्नेला केंद्र सरकारच्या शेतीयंत्रांच्या प्रशिक्षण संस्था आहेत, तिथले छोटे कोर्स सुट्टीत करता येतात.

गणिताचं काय? पन्नास मार्क घेऊन सायन्सला ढकललात तर दोन वर्षं क्लासच्या फी भरण्यात जातील आणि मुलगा मांगरात लपून बसेल. पण गणित सुटणार नाही हेही त्याला सांगा. त्याला हे उदाहरण द्या: पिस्टन समजा ८० मिलिमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळ साधारण ५० चौरस सेंटिमीटर, दाब दर चौरस सेंटिमीटरला १५० किलो, तर पिस्टनवर जोर किती? साडेसात हजार किलो. हे त्याने स्वतः कागदावर काढलं आणि डोळे मोठे झाले तर गणित त्याला जमत नाही असं नाही, कशासाठी करायचं ते कुणी सांगितलं नव्हतं एवढंच.

बाबांशी वाद घालू नका ताई. एका रविवारी त्यांना मांगरात घेऊन जा आणि मुलाला सांगा, तेल कुठून सुटतंय ते बाबांना दाखव. नांगर उचलून इंजिन बंद करायचं, नांगराजवळ कुणी नको, मग गियरबॉक्सच्या बाजूचं झाकण काढून लांबून टॉर्च मारायचा, हे फक्त बघण्यापुरतं, हात घालायचं काम नांगर जमिनीवर आल्यावरच, थोडं तेल सांडेल, खाली भांडं ठेवा. सिलिंडरच्या तोंडातून गळतंय की पाइपाच्या जोडातून ते दिसतं. फॉर्मची तारीख त्याच्या आधी संपत असेल तर दोन्हीकडे भरून ठेवा, आयटीआयला जवळच्या जवळ कुठला ट्रेड आहे ते माहितीपत्रकात बघून पसंतीक्रम लावा.

आणि ओ-रिंगा आणायला म्हापशाला गेलात तर जुन्या बरोबर न्या, फुगलेल्या असल्या तर त्यांच्यावरून माप घेऊ नका, ज्या खाचेत बसतात ती खाच मोजून न्यायला सांगा त्याला.