वाचकांचे प्रश्न : सफरचंदाचा रस आंबवताना

प्रश्न : गेल्या वर्षी आम्ही उभयता मुलीकडे इंग्लंडला गेलो असता तेथे सफरचंदाचे सायडर चाखले. परतल्यावर मे महिन्यात तोच प्रयोग घरी करून पाहिला. रस काढून काचेच्या बाटलीत भरला आणि झाकण घट्ट लावले. तिसऱ्या दिवशी झाकण उडाले, भिंतभर रस झाला आणि उरलेल्या रसाला नेलपॉलिशसारखा वास येऊ लागला. आमचे काय चुकले? पुन्हा करावे काय? (एक निवृत्त वाचक, प्रतापनगर, नागपूर)

उत्तर : आधी कायद्याचे सांगतो. सायडर या शब्दाचा अमेरिकेत बहुधा न आंबवलेला गढूळ रस असा अर्थ होतो. इंग्लंडमध्ये मात्र ते मद्य आहे आणि आपण चाखले ते हेच. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 प्रमाणे परवान्याविना मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, आणि ते घरच्यापुरतेच केले होते ही सबब तेथे उपयोगी पडत नाही. त्यामुळे पिण्याच्या सायडरची कृती मी देणार नाही. परंतु त्याच रसाचे उत्तम व्हिनेगर, म्हणजे आपला शिरका, होतो. आपली चूक समजून घेतली तर तो नागपुरातही चांगला साधेल.

सफरचंदाच्या रसात साधारण 11 ते 12 टक्के साखर असते. यीस्ट ही साखर खाऊन मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड तयार करते. एका लिटर रसातली सगळी साखर आंबली तर सुमारे 30 लिटर वायू निघतो, मग लिटरभराच्या बंद बाटलीने तो कोठे ठेवावा? झाकण उडाले हे आपले नशीबच म्हणायचे, कारण अशा वेळी काच फुटून डोळ्याला इजा होऊ शकते. नेलपॉलिशचा वास हा इथाइल ॲसिटेटचा असतो, आणि अतिउष्णतेत त्रासलेले यीस्ट व नको असलेले जिवाणू मिळून तो वाढवतात. सायडरच्या यीस्टला 15 ते 22 अंश तापमान मानवते आणि आपल्याकडे वैशाखात पारा 44-45 अंशांवर जातो, हे लक्षात घेतले तर दोष कृतीपेक्षा मुहूर्ताचा अधिक होता. मीही एका उन्हाळ्यात जिन्याखालच्या ‘थंड’ कोपऱ्यावर विश्वास ठेवून दोन लिटर रस मोरीत ओतला आहे. कूलरच्या खोलीत ठेवला असता तरी फार फरक पडला असता असे मला वाटत नाही.

हा उद्योग दिवाळीनंतर आरंभावा. त्या सुमारास काश्मीर व हिमाचलची सफरचंदे कळमन्याच्या बाजारात भरपूर असतात, रात्री थंड होऊ लागतात आणि घरात दिवसाचे तापमान 25 अंशांच्या आसपास राहते. पहिल्या खेपेस दोन किलोच फळे घ्यावीत. डागाळलेला भाग कापून टाकावा, सालीवर मेण असेल तर कोमट पाण्याने चोळून धुवावे, आणि बिया काढून फळे किसावीत किंवा मिक्सरमध्ये फिरवून मलमलीतून पिळावीत. साधारण एक लिटर रस मिळतो. डब्यातला तयार रस घ्यायचा असल्यास आधी लेबल वाचावे, कारण सोडियम बेंझोएट वा पोटॅशियम सॉर्बेटसारखे परिरक्षक घातलेला रस आंबतच नाही आणि नवशिक्या माणूस दहा दिवस बरणीकडे पाहत बसतो.

भांडे रुंद तोंडाच्या काचेचे असावे. चिनी मातीची बरणीही चालते, परंतु तिचा मुलामा तडकलेला नसावा आणि ती लोणच्याची तर मुळीच नसावी, कारण मिठाचा व मसाल्याचा अंश तिला सोडत नाही. तांब्या-पितळेची, ॲल्युमिनियमची वा लोखंडाची भांडी आम्लाशी संयोग पावतात, म्हणून ती टाळावीत. एक लिटर रसाला पाव चमचा कोरडे यीस्ट पुरते. वर फडके बांधावे, म्हणजे वायू बाहेर जातो आणि चिलटे आत येत नाहीत. आठ-दहा दिवसांत बुडबुडे थांबतात, गाळ खाली बसतो आणि गोडवा जातो.

येथून पुढे उलटा नियम लागू होतो, आणि बहुतेकांची गफलत येथेच होते. यीस्टला हवेची फारशी गरज नसते. मद्यार्काचे ॲसेटिक आम्ल करणाऱ्या ॲसेटोबॅक्टर जिवाणूंना मात्र हवा लागतेच. म्हणून गाळावरचा रस अलगद दुसऱ्या रुंद भांड्यात काढून त्यात चार भागांस एक भाग या प्रमाणात ‘मदर’, म्हणजे या जिवाणूंचा चिवट थर, असलेले, न तापवलेले गढूळ व्हिनेगर घालावे. हे दह्याच्या विरजणासारखेच आहे. बाजारातले पारदर्शक सिंथेटिक व्हिनेगर आम्ल पाण्यात मिसळून केलेले असते, त्यात जिवंत काही नसल्याने त्याने विरजण लागत नाही. भांडे अर्धे रिकामे ठेवावे, फडके बांधावे, आणि अंधाऱ्या, 25 ते 30 अंशांच्या जागी सहा ते आठ आठवडे हलवू नये. पृष्ठभागावर सायीसारखा जाड थर धरला म्हणजे काम सुरू झाले असे समजावे.

साली व पाणी यांवर दोन चमचे साखर घालून ‘व्हिनेगर’ करण्याची जी पद्धत अलीकडे लोकप्रिय आहे, तिच्याविषयी माझे मत फारसे चांगले नाही. लिटरमागे 17 ग्रॅम साखरेतून सुमारे 1 टक्का मद्यार्क होतो आणि त्यातून जेमतेम तेवढेच आम्ल. दोन मोठे चमचे साखरेत, म्हणजे 25 ग्रॅमांत, दीड टक्क्याच्या आसपासच आम्ल पदरात पडते. ते कोशिंबिरीला चालेल. मात्र त्याच्या भरवशावर काही टिकवू नये.

प्रश्न : माझ्या बरणीवर पांढरा पापुद्रा आला आहे. तो बुरशी की मदर? व्हिनेगर तयार झाले हे कसे ओळखावे आणि लोणच्यात वापरावे काय? (एक वाचक, धरमपेठ)

उत्तर : गुळगुळीत, चिवट, एकसंध थर असेल तर तो मदर. पातळ, सुरकुतलेला, पिठूळ पापुद्रा बहुधा कामाच्या नसलेल्या यीस्टचा असतो. तो काढून टाकावा. लोकरीसारखे तंतू वा हिरवा, काळा, निळा रंग दिसला तर मोह न धरता सगळे फेकावे.

तयार झाल्यावर मद्याचा वास राहत नाही आणि नाकाला आम्लाचा झटका बसतो. मग ते गाळून बाटलीत काठोकाठ भरावे व झाकण घट्ट लावावे, कारण हवा मिळत राहिली आणि मद्यार्क संपला की हेच जिवाणू आम्ल खाऊन टाकतात आणि व्हिनेगर पाण्यासारखे होते. लोणच्याचे सांगायचे तर घरच्या व्हिनेगरची तीव्रता मोजल्याशिवाय ते टिकाऊ लोणच्यात वापरू नये. पीएच पट्टीवरून आम्ल किती टक्के आहे हे कळत नाही. त्यासाठी टायट्रेशन, म्हणजे ठरावीक तीव्रतेचा अल्कली थेंबथेंब घालून आम्ल मोजण्याची चाचणी, करावी लागते. पिणार असाल तर एक चमचा पेलाभर पाण्यात मिसळावा, कारण दातांच्या आवरणाला आम्ल बाधते. मधुमेहाचे औषध चालू असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

प्रश्न : नागपुरात राहून सफरचंदच का? संत्र्याचे होईल काय? (एक वाचक, महाल)

उत्तर : होते, आणि आंबिया बहाराची संत्री नेमकी याच मोसमात येतात. दोन अडचणी मात्र आहेत. सालीतल्या तेलाने यीस्ट मंदावते, आणि नागपुरी संत्र्याचा रस काढून ठेवला की लिमोनिन या कडू द्रव्यामुळे हळूहळू कडवटपणा चढतो. सुदैवाने आपल्या संत्र्याची साल सैल असते. म्हणून फळ अर्धे कापून दाबण्याऐवजी सोलून फोडी वेगळ्या कराव्यात, पांढरे धागे व बिया काढाव्यात आणि मगच रस काढून लगेच यीस्ट घालावे. रसात साखर सफरचंदापेक्षा कमी असल्यामुळे लिटरमागे 30 ग्रॅम साखर वरून घालावी. थोडी कडवट छटा तरीही उरते, आणि मला ती गाजराच्या कोशिंबिरीत आवडते.