ट्रेलर घ्यायचाय? आधी काट्यावर चला

प्रश्न : नमस्कार. मी आणि माझा धाकटा भाऊ ऐरोलीत लग्नाचं, बारशाचं डेकोरेशन आणि साउंड करतो. गाडी डबल केबिनची पिकअप आहे, पोरं बसतात पण मागच्या हौद्यात दोन स्पीकर आणि चार फ्रेमा टाकल्या की जागा संपली, बाकी सामानाला टेम्पो सांगावा लागतो आणि सीझनला टेम्पोवाले भाव खातात. पावसात ताडपत्रीखालून पाणी जातं ते वेगळंच. म्हणून मागे ओढायचा बंद बॉडीचा ट्रेलर बनवून घ्यायचा विचार चाललाय, कळंबोलीचा एक फॅब्रिकेशनवाला १२ बाय ६ चा बनवून देतो म्हणतोय, भाऊ म्हणतो घेतोय तर मोठाच घेऊ. किती मोठा घ्यावा, एक ॲक्सल, म्हणजे चाकांची एकच जोडी, की दोन? – एक वाचक, ऐरोली

उत्तर : दादा, भावाला सांगा फूट नंतर, आधी किलो. ट्रेलर मोठा असला की तो भरला जातोच, रिकामी जागा दिसली की पोरं त्यात खुर्च्या पण टाकतात, आणि मग ओढणारी गाडी तीच, ब्रेक तेच. त्यामुळे पहिलं काम फॅब्रिकेशनवाल्याकडे जायचं नाही, पहिलं काम म्हणजे तुमच्या सगळ्यात मोठ्या ऑर्डरचं सामान टेम्पोत भरून एकदा वजनकाट्यावर न्यायचं, मग टेम्पो रिकामा करून परत काट्यावर. दोन पावत्यांमधला फरक म्हणजे तुमचं खरं सामान. अंदाजाने सांगितलेलं वजन कायम कमी निघतं, कारण केबलची भेंडोळी, स्टँड, शिडी, टूलबॉक्स हे कुणी मोजतच नाही.

दुसरं, गाडीच्या मॅन्युअलमध्ये टोइंगचा, म्हणजे गाडी मागे किती वजन ओढू शकते त्याचा, आकडा बघा, ब्रेक असलेला ट्रेलर किती आणि ब्रेक नसलेला किती, हे दोन आकडे वेगळे असतात. मॅन्युअलमध्ये नसेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून लेखी मागा. लेखी देत नसतील तर ट्रेलरचा विषय तिथेच बंद करा, कुणी कितीही म्हणू दे की अहो ही गाडी काहीपण ओढते. ओढायला ओढेल हो, थांबवणार कोण?

आता ट्रेलरचं स्वतःचं वजन, इथे लोक फसतात. १० बाय ५ ची, ६ फूट उंच पेटी धरली तर चार भिंती आणि छप्पर मिळून साधारण २३० चौरस फूट पत्रा लागतो. १.२ मिलीमीटरचा लोखंडी पत्रा लावला तर नुसता पत्राच २०० किलो, तेवढ्याच जाडीचा ॲल्युमिनियमचा लावला तर ७० च्या आत. खाली १८ मिलीमीटर प्लायवुडची फळी ५० किलोच्या आसपास. मग चासी म्हणजे खालचा सांगाडा, ॲक्सल, स्प्रिंगचे पाटे, चाकं, दार, हे सगळं अजून बाकीच आहे. लोखंड स्वस्त पडतं आणि कुठेही वेल्डिंग होतं हे खरंय, पण वाचवलेले पैसे तुम्ही पुढे प्रत्येक ऑर्डरला डिझेलमध्ये भरणार, शिवाय ऐरोलीची खाडीची हवा, दोन पावसाळ्यांत जोडाजोडाला तांबेरा धरतो. माझं मत, चासी चांगल्या रंगाची लोखंडी आणि वरची पेटी ॲल्युमिनियमची.

आणि १२ बाय ६ पेक्षा १० बाय ५ वर विचार करा. तुम्ही नौपाड्यातल्या हॉलच्या गल्लीत शिरणार, सोसायटीच्या गेटमधून शिरणार, आणि रात्री तो उभा कुठे करणार हे सेक्रेटरींना विचारलंय का आधी? ट्रेलरला मजल्यावरची पार्किंग मिळत नाही, आणि रस्त्यावर सोडला तर सकाळी स्टेपनी असेल याची खात्री नाही.

ॲक्सल एक की दोन याचं उत्तर काट्याच्या पावतीवर आहे. भरलेला ट्रेलर टनभराच्या आसपास असेल तर एक ॲक्सल पुरतो, हलका पडतो, वळवायला सोपा, टायर दोनच. त्याच्या बराच पुढे जात असाल तर दोन, कारण टायर फुटला तरी पेटी एकदम कलंडत नाही आणि हायवेला चाल सरळ राहते. पण दोन ॲक्सलचा ट्रेलर हाताने ढकलून कोपऱ्यात लावता येत नाही, चाकं फरफटतात, हे हॉलच्या मागच्या अंगणात गेल्यावर कळतं.

ब्रेकवर मात्र काटकसर नको. युरोपात ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत, अमेरिकेत बऱ्याच राज्यांत ही मर्यादा ३००० पाउंड म्हणजे १३६० किलो आहे. तुम्ही ७५० चीच धरा. ब्रेक दोन प्रकारचे मिळतात. एकात गाडीने ब्रेक मारला की ट्रेलर मागून रेटतो आणि त्याच रेट्याने ट्रेलर गाडीला जोडणाऱ्या दांड्यातला सिलिंडर दाबला जाऊन ट्रेलरचे ब्रेक लागतात, वायर नाही काही नाही. दुसरे इलेक्ट्रिक, त्याला केबिनमध्ये कंट्रोलर बसवावा लागतो पण जोर कमीजास्त करता येतो. घोडबंदर रोडवर गायमुखच्या उतारावर पुढे ट्रक थांबलेला, मागे तुमची भरलेली पेटी, तिथे नुसत्या पिकअपच्या ब्रेकवर भरवसा ठेवून जाऊ नका, आणि उतार खालच्या गिअरमध्येच उतरा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, दांड्यावरचं वजन. भरलेल्या ट्रेलरच्या वजनापैकी १० ते १५ टक्के वजन हुकवर यायला पाहिजे. १२०० किलोचा ट्रेलर असेल तर १२० ते १८० किलो. यापेक्षा कमी आलं की वेग घेतल्यावर मागची पेटी डावी-उजवी झुलायला लागते आणि पिकअपची शेपूट पण सोबत नेते. जास्त आलं की पिकअपचं बूड बसतं, पुढची चाकं हलकी होतात, स्टेअरिंग तरंगल्यासारखं लागतं. म्हणून साधारण साठ टक्के सामान ॲक्सलच्या पुढे. तुमचे ॲम्प्लिफायर, बॅटऱ्या, बेसचे स्पीकर पुढच्या भिंतीला टेकवून, फ्रेमा आणि फुलांचे क्रेट मागे. पण पोरं काय करतात, जे हॉलवर आधी लागतं ते दाराजवळ ठेवतात, आणि आधी लागतो साउंड! तिथे बाजूच्या भिंतीला पुढच्या भागात एक छोटं दार करून घ्या म्हणजे भांडणच नाही.

मोजायचं कसं? काट्यावर आधी ट्रेलर सोडून एकटा उभा करून वजन घ्या. मग पिकअपला जोडा आणि फक्त ट्रेलरची चाकं काट्यावर राहतील असा उभा करा. जेवढं वजन कमी भरलं तेवढं हुकवर गेलं. मोठा काटा दहा किलोच्या टप्प्याने दाखवतो, तेवढा फरक चालतो. आणि हे हुकवरचं वजन पिकअपच्या हौद्यात ठेवलेल्या सामानासारखंच धरायचं, म्हणजे हौदा भरलाय, पाच माणसं बसलीत आणि वर १५० किलो हुकवर, याची बेरीज गाडीच्या मर्यादेत बसली पाहिजे.

पेटी झुलायला लागलीच तर ब्रेकवर उभं राहू नका, ॲक्सिलरेटरही दाबू नका, पाय काढून घ्या, स्टेअरिंग सरळ धरा. इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर कंट्रोलरवरून फक्त ट्रेलरचे ब्रेक हळू लावा.

पेटी तयार झाली की पैसे द्यायच्या आधी एक करा. दुपारच्या उन्हात आत जाऊन दार लावून घ्या. जिथे उजेडाचा ठिपका दिसेल तिथून पाणी येणार, खडूने खूण करा. मग भावाला बाहेरून पाइपने छपरावर आणि दाराच्या कडेने पाणी मारायला सांगा. छपराला मधे जोड नसलेला अखंड पत्रा मिळाला तर उत्तम. खालच्या फळीला तळाच्या बाजूनेही रंग हवा, चाकाचं पाणी तिथेच उडतं.

कागदपत्रं. मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये ट्रेलर हेसुद्धा मोटार वाहनच आहे, म्हणजे त्याचं वेगळं रजिस्ट्रेशन लागतं, विमा पण बघावा लागतो. तुम्ही ऐरोलीचे म्हणजे वाशी आरटीओ, एमएच-४३. फॅब्रिकेशनवाल्याला पहिला प्रश्न हाच विचारा की पासिंग कोण करून देणार. ‘ते बघू नंतर’ असं उत्तर आलं तर चहा पिऊन निघा. रात्रीसाठी रिफ्लेक्टर पट्ट्या, पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल. ओव्हरलोडला २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० असा दंड लिहिलाय.

आणि रागावू नका, पण तुमच्या ऑर्डरी बहुतेक ठाणे-नवी मुंबईतच असतील तर बंद बॉडीचा छोटा टेम्पो सेकंडहँड घेतलेला परवडेल का याचाही हिशोब मांडा. कर्जत-नेरळच्या फार्महाऊसवर दोन-दोन दिवस सामान ठेवायचं, पेटी तिथे सोडून पिकअप मोकळी करायची, असं काम असेल तेव्हा ट्रेलरची खरी मजा.

प्रश्न : माझा मुलगा डलासला असतो, तिथल्या मराठी मंडळींचं ढोल-ताशा पथक आहे. ढोल आत्तापर्यंत कुणाकुणाच्या गॅरेजमध्ये ठेवायचे, आता सगळे मिळून बंद ट्रेलर घेतायत, मुलाकडे मोठी पिकअप आहे, तो ओढणार. मला फोनवर सहा बाय बारा का सात बाय चौदा असं विचारतो, मी काय सांगणार? काळजी मात्र वाटते. – एक आई, वर्तकनगर, ठाणे

उत्तर : काकू, तिकडे हे ट्रेलर तयार मिळतात, त्यामुळे मुलाचं काम सोपं आहे. सहा बाय बारा साधारण एका ॲक्सलचा असतो आणि त्याचं भरलेलं कमाल वजन बहुतेक वेळा २९९० पाउंड ठरवलेलं असतं, तीन हजाराच्या जरा खाली, म्हणजे बऱ्याच राज्यांत ब्रेकची सक्ती टळते. सात बाय चौदा दोन ॲक्सलचा, ७००० पाउंडांचा, ब्रेकसकट. ढोल जागा खातो, वजन खात नाही, त्यामुळे वजनाच्या बाजूने लहानही चालेल, पण पथक वाढणार असेल आणि हायवेने दुसऱ्या गावी जायचं असेल तर दोन ॲक्सलचा घ्या म्हणावं. पुढून टोकदार नाकाचा मिळाला तर त्या कोपऱ्यात ध्वजाच्या काठ्या उभ्या बांधता येतात.

त्याला तीन गोष्टी बघायला सांगा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल याचा, हुकवर येणारं वजनही त्यातच धरायचं, जाहिरातीतला टोइंगचा आकडा नाही तर हा आकडा आधी संपतो. दुसरं, हुकच्या गोळ्याचा साइज. लहान ट्रेलरला दोन इंची गोळा लागतो, मोठ्याला बऱ्याचदा २ ५/१६ इंची. मोठ्या कपलरखाली, म्हणजे दांड्याच्या टोकाच्या, गोळ्यावर बसणाऱ्या वाटीखाली, दोन इंची गोळा लावला तर बसल्यासारखा दिसतो, कडी पण लागते, आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात निसटतो. म्हणून गोळ्यावर कोरलेला आकडा वाचायचा, आणि सेफ्टीच्या साखळ्या दांड्याखालून एकमेकींना ओलांडून लावायच्या, म्हणजे दांडा निसटला तरी रस्त्यात रुतत नाही. तिसरं, टायर. सेकंडहँड ट्रेलरचे टायर नक्षीवरून नवे दिसतात कारण ते चाललेलेच नसतात, पण उन्हात उभे राहून जुने झालेले असतात. बाजूवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे बघा, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. ट्रेलरच्या बऱ्याच टायरची वेगमर्यादा ताशी ६५ मैल असते, आणि टेक्सासच्या हायवेला पोरं त्याहून जोरात जातात, एवढं मात्र तुम्ही आईच्या अधिकाराने सांगा.

छपराला हवा जायला झाकण हवं, नाहीतर तिकडच्या उन्हाळ्यात बंद पेटीत ढोलाची पानं आणि दोऱ्या तापून खराब होतील. आणि त्याच्या कॉलनीत घरासमोर ट्रेलर उभा करू देतात का ते आधी विचारावं, सोसायट्या तिकडेही आहेत.

प्रश्न : ट्रेलर लावून रिव्हर्स घ्यायला जमत नाही. काही युक्ती? – खारघर

उत्तर : स्टेअरिंग वरून धरू नका, अगदी खालच्या बाजूला एका हाताने धरा. पेटीची शेपूट डावीकडे न्यायची तर हात डावीकडे, उजवीकडे न्यायची तर उजवीकडे. हात थोडाच हलवा आणि वाट बघा, ट्रेलर उशिरा ऐकतो, लहान ट्रेलर त्यातल्या त्यात लवकर वाकतो. कोन जास्त झाला की हट्ट करू नका, पुढे घेऊन सरळ करा, नाहीतर पेटीचा कोपरा हौद्याला लागतो. रविवारी सकाळी रिकाम्या मैदानात दोन प्लास्टिकचे ड्रम ठेवून करा. मागे एक माणूस उभा ठेवा, आणि तो आरशात दिसेनासा झाला की त्याक्षणी गाडी थांबवा.