बडोद्यात दारू सोडण्याच्या मीटिंगला जायचंय, पण गुजरातेत दारूबंदी आहे. नाव बाहेर फुटेल का?

तुम्ही लिहिलंय की रोज संध्याकाळचं पिणं सुटत नाही. एएच्या, म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या मीटिंगला जावंसं वाटतं, पण दारूबंदीच्या राज्यात 'मी पितो' असं चार लोकांसमोर कसं म्हणायचं? आणि दांडिया बाजारातलं कुणी ओळखीचं भेटलं तर? या दोन्ही भीतींनी मला दोन आठवडे दारातून परत पाठवलं होतं. सुरसागरला चक्कर मारायचो आणि घरी यायचो. तिसऱ्या आठवड्यात आत गेलो. त्याला आता अकरा वर्षं झाली.

आधी नावाचं सांगतो. तिथे फॉर्म नाही, हजेरीपट नाही, फी नाही. दारू सोडायची इच्छा एवढी एकच अट. आडनाव कुणी विचारत नाही. मी तर पहिले दोन महिने दुसरंच नाव सांगत होतो, पुढे माझं मलाच ते नको झालं. शेवटी एक टोपली फिरते, त्यात ज्याला जमेल तो पैसे टाकतो. खोलीचं भाडं आणि चहा त्यातूनच निघतो. बाहेरच्या कुणाकडून, सरकारकडूनही, एए पैसे घेत नाही. म्हणून कुणाला याद्या द्यायचा प्रश्नच येत नाही.

ओळखीचं माणूस मात्र भेटतं. मला तिसऱ्याच मीटिंगला भेटलं. आमच्याच गल्लीतले, गणपतीत आरतीला सगळ्यांत पुढे असणारे एक काका. माझे पाय गळाले. त्यांनी शेजारची खुर्ची ओढून दिली आणि 'बस' म्हणाले, एवढंच. ते स्वतः त्याच कारणासाठी तिथे होते. आजतागायत त्यांनी माझ्या घरी अवाक्षर काढलेलं नाही, मीही त्यांच्या घरी नाही.

आता एक गोष्ट कळकळीने सांगतो. सकाळी उठल्या उठल्या हात थरथरत असतील, प्यायल्याशिवाय थांबत नसतील, तर मनाच्या हिय्यावर एकदम दारू बंद करू नका. मी केली होती, गणपतीचे दहा दिवस पाळायचे म्हणून. तिसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्यांच्या रांगा दिसायला लागल्या, मी त्या हाताने झटकत होतो. बायकोने भावाला बोलावून मध्यरात्री दवाखान्यात नेलं म्हणून वाचलो. अचानक तोडल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं. आधी डॉक्टरांना दाखवा. सयाजी हॉस्पिटल आहे, कारेलीबागेतलं मानसिक आरोग्याचं सरकारी रुग्णालय आहे. डॉक्टरांना रोज किती पिता ते खरं सांगा. औषध चालू असताना मीटिंगला येता येतं, दोन्ही एकमेकांच्या आड येत नाही.

मीटिंग शोधायची तर एए इंडियाच्या संकेतस्थळावर शहर घालून बघा आणि दिलेल्या नंबरवर आधी बोला, कारण जागा आणि वेळ बदलत राहते. फोनवर विचारा, मीटिंग ओपन आहे की क्लोज्ड. ओपनला घरचं माणूस बरोबर नेता येतं, क्लोज्ड फक्त आपल्यासारख्यांसाठी. घरच्यांसाठी अल-ॲनॉन नावाचे वेगळे ग्रुप असतात. माझी बायको महाराष्ट्रातल्या तशा एका ग्रुपला ऑनलाइन बसते. सरकारचा व्यसनमुक्तीसाठीचा मोफत नंबर 14446 आहे, तिथेही विचारू शकता.

मी जातो तिथे भाषा गुजराती-हिंदी मिसळलेली असते. मी हिंदीत सुरू करतो आणि आईचा विषय निघाला की मराठीत येतो. कुणी अडवत नाही.

पहिल्या दिवशी बोलायची सक्ती नसते. तास-दीड तास एकेक जण स्वतःचं सांगतो, मध्ये कुणी बोलत नाही, सल्ला देत नाही. पिऊन आलात तरी बसू देतात, फक्त त्या दिवशी ऐकायचं. माझ्या पहिल्या मीटिंगला चहा देणाऱ्या माणसाने सगळ्यांना कप भरून दिला आणि मला अर्धाच. वाईट वाटलं. नंतर लक्षात आलं, माझे हात बघून त्याने तो अर्धा ठेवला होता, सांडू नये म्हणून. अर्धा संपल्यावर न विचारता उरलेला ओतला. वर्षानुवर्षं ज्या घरात हात लपवत होतो, तिथे कुणाला हे सुचलं नव्हतं. सुचणार तरी कसं?

एका मीटिंगवरून ठरवू नका. मला पहिला ग्रुप फारसा रुचला नव्हता, दुसऱ्यात रमलो. मध्ये एकदा घसरलोही, चौथ्या महिन्यात, लग्नाच्या वऱ्हाडात. तेव्हा मीच तोंड लपवून दहा दिवस गेलो नाही, आणि ते दहा दिवस पिण्याहून वाईट गेले.

फोन करायची लाज वाटते, असं तुम्ही लिहिलंय. 1935 च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या ॲक्रन गावी धंद्यात हात पोळलेला बिल नावाचा माणूस हॉटेलच्या लॉबीत उभा होता. एका बाजूला बार होता, दुसऱ्या बाजूला टेलिफोन. त्याने फोन उचलला आणि आपल्यासारखाच कुणी दारुडा गाठून द्या म्हणून चर्चवाल्यांकडे चौकशी केली. त्याला डॉक्टर बॉब भेटला आणि त्या दोघांपासून एए सुरू झालं.

तुम्ही फोन दुपारी करा, पिण्याची वेळ व्हायच्या आत. मराठी बोलणारं कुणी हवं असेल तर तसं सांगा. पहिल्या मीटिंगला एकट्याने दारापर्यंत जाणं जड जात असेल, तर रस्त्यावर घ्यायला याल का असंही विचारा. मला विचारलं की मी जातो.